तोंडी निवेदन नस्तीत घेता येत नाही : कार्यालयीन मराठीत लिहिलेली एक कविता

आवकजावक (धागाकर्ती) | रविवार, सकाळी ११.२०

मंडळी, इथे बरीच वर्षं नुसतं वाचत आले. धागा पहिल्यांदाच काढते आहे, सांभाळून घ्या.

मी मुंबईत एका सरकारी कार्यालयात सव्वीस वर्षं लिपिक आहे. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. वडील गिरणी कामगार, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर (मागालाच साचा म्हणायचे). १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. बाबांच्या बोलण्यातही तो अजून चालूच असतो. "संपाच्या आधी" आणि "संप लागल्यापासून" अशाच त्यांच्या तारखा.

१ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेल्या कामगाराला सरकारी योजनेतल्या घरासाठी अर्ज करता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. पहिली सोडत २०१२ साली निघाली. अर्जाला पुरावा लागतो. बाबांकडे होता तो लाल पास, गिरणीने दिलेला. आमची कुर्ल्याची खोली तळमजल्यावरची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, त्या दिवशी आमच्या खोलीत छातीपर्यंत पाणी होतं. कपाटातला प्लॅस्टिकच्या पिशवीतला पास दुसऱ्या दिवशी सापडला. आईने तो तव्यावर, गॅस न लावता, पसरून वाळवला. सगळं वाचता येत होतं, फक्त तिकीट नंबराचा, म्हणजे गिरणीतल्या कामगार क्रमांकाचा, शेवटचा आकडा सोडून. इंग्रजी आकडा आहे. तीन असेल, नाहीतर आठ.

बाबा सांगतात आठ. सुरुवातीपासून आठच सांगतात. पण अर्जावर त्रुटी निघाली ती निघालीच.

ही कविता त्या त्रुटीवरची आहे. टिपणीच्या, म्हणजे नस्तीत (फाइलमध्ये) लिहितात त्या शेऱ्याच्या भाषेत लिहिली, कारण दुसरी भाषा सुचतच नव्हती. उपरोध जमलाय की नुसतं रडगाणं झालंय, एवढंच विचारायचं आहे. मोकळेपणाने सांगा.

टिपणी

१. अर्जदार यांनी लाल पासाची मूळ प्रत जोडली आहे.
प्रत भिजून वाळलेली आहे.

२. तिकीट क्रमांकाचा शेवटचा आकडा
तीन आहे किंवा आठ आहे.
भिंग लावून पाहण्यात आले.
खिडकीशी धरून पाहण्यात आले.

३. अर्जदार समक्ष उपस्थित होते.
आठ, असे ते म्हणाले.
तोंडी निवेदन नस्तीत घेता येत नाही.

४. अर्जदाराच्या उजव्या हाताची तर्जनी
दुसऱ्या पेरापासून नाही.
ती साच्यात गेल्याचे ते सांगतात.
उर्वरित बोटावर क्रमांक नसल्याने
सदर बोट पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही.

५. भोंगा बंद होऊन इतकी वर्षे झाली तरी
अर्जदारास पहाटे साडेपाचला जाग येते,
असे कुटुंबीयांचे म्हणणे आहे.
ही बाब या कार्यालयाच्या कार्यकक्षेत येत नाही.

६. तीन क्रमांकाचा कामगार कोण होता,
तो हयात आहे किंवा कसे,
याबाबत माहिती उपलब्ध नाही.
त्याने अर्ज केलेला नाही.

७. सबब, अर्जदार हे स्वतः तेच आहेत
असे मानण्यास
सकृद्दर्शनी आधार दिसून येत नाही.

८. मान्यतेस्तव सादर.

बाबा, मला माफ करा.
ही टिपणी मीच लिहिली आहे.

---

रानजाई | रविवार, दुपारी १२.०५

चौथ्या कलमाशी थांबले. पुढचं वाचायला वेळ लागला.

---

अनुस्वार | रविवार, दुपारी १.३०

ताई, रडगाणं अजिबात नाही. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. तुमची कविता वाचून लगेच आठवली ती डब्ल्यू. एच. ऑडन या इंग्रजी कवीची 'द अननोन सिटिझन', १९३९ ची. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये अनाम सैनिकाचं थडगं बांधलं गेलं. त्या कल्पनेवरून ऑडन यांनी अनाम नागरिक उभा केला. सरकारने त्याला संगमरवरी स्मारक दिलंय आणि त्यावर त्याचं नाव नाही, नुसता नंबर आहे. अक्षरं आणि आकडे. ऑडन त्याच वर्षी अमेरिकेत राहायला गेले होते. तिथे माणसामाणसाला सोशल सिक्युरिटीचा क्रमांक वाटायला सुरुवात होऊन जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती.

त्या कवितेत सगळे अहवाल चांगले आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. संघटना म्हणते, वर्गणी भरायचा. कारखाना म्हणतो, कामात कसूर नव्हती. घरात रेडिओ आहे, फ्रिज आहे, पाच मुलं आहेत आणि तो आकडाही योग्यच असल्याचं तज्ज्ञ सांगतात. त्या माणसावर कुणी अन्याय केलाय असं कवितेत कुठेच म्हटलेलं नाही. शेवटी दोनच प्रश्न येतात, तो स्वतंत्र होता का आणि सुखी होता का. सरकारचं उत्तर असं की प्रश्नच गैरलागू आहे, काही बिनसलं असतं तर आमच्या कानावर आलंच असतं.

मी दर वर्षी वर्गात हे मराठीत समजावून सांगतो आणि दर वर्षी अडखळतो. आज तुमच्यामुळे वाक्य सापडलं: "याबाबत या कार्यालयास कोणतीही तक्रार प्राप्त नाही." आपल्याकडे ते तयारच होतं की!

आता तुम्ही मोकळेपणाने सांगा म्हणालात म्हणून सांगतो. शेवटच्या दोन ओळी काढा. ऑडन यांनी सरकारचा आवाज शेवटपर्यंत सोडला नाही, म्हणून ती कविता अंगावर येते. तुम्ही आठव्या कलमानंतर कार्यालयातून बाहेर येऊन रडता, आणि माझं रडू तिथेच थांबतं.

---

शब्दवेडी | रविवार, दुपारी २.१५

अनुस्वार यांच्याशी असहमत. त्याच दोन ओळींनी मला हलवलं. टिपणी लिहिणारा हात लेकीचा आहे हे कळल्यावर मी कविता वरून परत वाचली.

---

चिंचपोकळी | रविवार, सायंकाळी ६.४०

कविता चांगली आहे, पण थोडी दुसरी बाजू मांडतो. मीही सरकारी नोकरीतच होतो, पात्रता तपासायच्या टेबलावर. योजना वेगळी होती.

नंबराला एवढा दोष देऊ नका. नंबर नसेल तर काय होतं ते मी पाहिलं आहे. कुणीतरी चिठ्ठी घेऊन येतं. "साहेबांनी पाठवलंय." एकाच नावाचे चार कामगार उभे राहतात, गाव एक, आडनाव एक, बापाचं नावही एक. त्यातला खरा कोण? ज्याच्या मागे कुणी उभं नाही त्याला तेव्हा नंबरच वाचवतो. वशिला नसलेल्या माणसाचा तोच वशिला.

आणि कायदे काही वाईट केलेले नाहीत. दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो, कुठल्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. माहितीचा अधिकार २००५ चा, लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ चा. हे लोकांनी भांडून मिळवलं आहे. उपरोधाने सरसकट सगळ्याच कागदांची थट्टा केली की भांडून मिळवलेल्या कागदांचीही थट्टा होते, याचं मला वाईट वाटतं.

तीन की आठ हे मी ठरवलं असतं का? नसतं ठरवलं. ठरवलं असतं आणि उद्या तीनवाला येऊन उभा राहिला असता, तर?

---

आवकजावक | रविवार, रात्री ९.५०

चिंचपोकळी दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमचं म्हणणं खरं आहे. सहावं कलम त्याचसाठी आहे. तीन नंबरवाला माणूस मला रात्री खरोखर आठवतो. तोही कुठल्यातरी खात्यात, कुठल्यातरी पाळीला जात असणार. त्याच्या घरात पाणी शिरलं का? त्याचा पास वाचता येतो का? बाबांना घर मिळावं म्हणून त्याला खोटं ठरवायची माझी तयारी नाही.

एक खुलासाही करते. बाबांचा अर्ज माझ्या कार्यालयात नाही. ती टिपणी शब्दशः मी लिहिलेली नाही. पण "कागदपत्रांअभावी अर्ज निकाली काढण्यात येत आहे" हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल याची मोजदाद नाही. समोर कुणाचे तरी बाबा उभे असायचे. मी मान वर करून बघायचे, नाही असं नाही, पण बघितलेलं लिहायला टिपणीत जागा नसते. "आठ म्हणताना त्यांचा आवाज बदलला नाही" हे कुठल्या रकान्यात लिहू?

---

अनुस्वार | रविवार, रात्री १०.३०

"बघितलेलं लिहायला टिपणीत जागा नसते." ताई, मला यावर बोलायचं आहे.

कार्यालयीन मराठीत कर्ता गायब असतो. पाहण्यात आले, कळविण्यात येते, निकाली काढण्यात येत आहे. कुणी पाहिलं, कुणी काढलं? बोलताना आपण असं कधी म्हणत नाही. "भाजी आणण्यात आली" असं घरी म्हणून बघा. शासन निर्णयाच्या तळाशी काय असतं? "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने." ते संविधानाच्या अनुच्छेद १६६ नुसारच असतं, त्यात चूक काही नाही. पण लिहिणाऱ्याने स्वतःला पुसून टाकल्याशिवाय ते वाक्य पुरं होत नाही.

भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झालं, १९६२ मध्ये सरकारी पदांच्या मराठी नावांचा पदनाम कोश आला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. पदनाम कोशाची 'बदनाम कोश' म्हणून थट्टा झाली ती शब्द अवघड म्हणून. मला शब्दांची तक्रार नाही. नस्ती, बारनिशी, गोषवारा हे शब्द मला गोड वाटतात. माझी तक्रार क्रियापदांची आहे. राज्यकारभार मराठीत आला याचा मला मनापासून अभिमान आहे, आणि म्हणूनच वाटतं की त्या मराठीत 'मी' म्हणायची सोय राहायला हवी होती.

---

दुसरी पाळी | सोमवार, सकाळी ७.१०

मी गिरणीत रिंगखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होतो. वय ७३. नातू टाइप करतोय, मी सांगतोय.

तिकीट नंबराबद्दल कवितेत जे आहे त्यापेक्षा वेगळं सांगायचंय. नंबर आम्हाला वाईट वाटायचा नाही. बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर असताना रोज गेटवर उभं राहायचं, आज काम मिळेल का नाही, जॉबरच्या, म्हणजे माणसं कामावर घेणाऱ्या मुकादमाच्या तोंडाकडे बघायचं. कायम झाल्यावर नंबर मिळाला तेव्हा मी गावी पत्र टाकलं होतं. आईने देवापुढे साखर ठेवली. तो नंबर मला अजून पाठ आहे. बायकोलाही पाठ होता.

म्हणून मुलीचे बाबा आठ म्हणतात तर आठच असणार. नंबर माणूस विसरत नाही.

---

रानजाई | सोमवार, सकाळी ९.००

काका, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. ऑडनच्या कवितेत नंबर माणसाला पुसून टाकतो. इथे तुम्हाला तो मिळवावा लागला होता, आणि आता हिरावला जातोय तोही नंबरच. ही गोष्ट मुंबईच्या गिरणीचीच आहे, बाहेरून आणलेली नाही.

नारायण सुर्वे आठवले. रस्त्यावर टाकलेलं मूल, गिरणी कामगाराने उचलून घरी नेलं आणि आपलं आडनाव दिलं. पुढे महापालिकेच्या शाळेत शिपाई, मग शिक्षक. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा पहिला संग्रह १९६२ चा. ज्याची मुळात कुणाकडे नोंदच नव्हती त्याने संग्रहाच्या नावातच ठामपणे 'मी' लिहिला. वर अनुस्वार जो 'मी' शोधतायत तो हाच.

---

शब्दवेडी | सोमवार, सकाळी ११.४५

मर्ढेकरही हवेतच या यादीत. आकाशवाणीत नोकरी करत होते आणि गर्दीतल्या माणसाला मुंगी म्हणत होते. आणि विंदांची 'तेच ते'. लोकल पकडताना मला ती आपोआप आठवते.

पण या धाग्याच्या जवळची मला पाडगावकरांची 'सलाम' वाटते. संग्रह १९७८ चा, साहित्य अकादमी पुरस्कार १९८० चा. त्यात सत्तेवर, गुंडावर, हफ्त्यावर उपरोध आहे हे सगळे सांगतात. मला त्यातला सलाम करणारा माणूस महत्त्वाचा वाटतो. तो घाबरलेला आहे, आणि तो 'मी' आहे. कवी स्वतः बाजूला उभा राहून बोट दाखवत नाही. आवकजावक ताईंच्या कवितेतही लिपिक खलनायक नाही. समोरच्या माणसाला टिपणीने गिळलंच, लिहिणारीलाही गिळलं. म्हणून शेवटच्या दोन ओळी राहाव्यात हा माझा हट्ट अजून आहे.

---

अनुस्वार | सोमवार, दुपारी ४.२०

पटलं, पण अर्धंच. लेक तिथे हवी हे मान्य. मात्र ती टिपणीच्या आत सापडायला हवी. माफी मागायला ती बाहेर आली की टिपणीची पकड सुटते. वाचणाऱ्याला स्वतःहून कळलं पाहिजे की ही लेक आहे, आणि टिपणीला ते कळता कामा नये.

---

चिंचपोकळी | सोमवार, रात्री ८.१५

कवितेतलं मला कमी कळतं, पण एक विचारतो. कवितेत नाव कुठेच नाही, ना बाबांचं ना तुमचं. टिपणीच्या खाली लिपिकाची लघुस्वाक्षरी तर असते. ती का नाही घातली? आम्ही सही करताना आडनाव तेवढं गिचमिड करायचो, पण पदनामाच्या वर नाव असायचंच.

नावाचा विषय निघालाच आहे तर, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचंही नाव येतं. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. माझ्या नातीच्या दाखल्यावर माझ्या सुनेचं नाव पाहिलं आणि बरं वाटलं. सरकारी रकान्यात कधीकधी माणूस परतही येतो.

---

आवकजावक | मंगळवार, रात्री ११.०५

दोन दिवस डोक्यात हेच होतं. आज कार्यालयातून परतताना गाडीत उभ्या उभ्या सुचलं. दादर गेलं तेव्हा मोबाइलवर लिहून काढलं. चिंचपोकळी दादा, हे तुमच्या लघुस्वाक्षरीमुळे सुचलं. मी लग्नानंतरही सेवापुस्तकात नाव बदललं नाही, त्यामुळे माझ्या नावाच्या मधे अजून बाबाच आहेत.

शेवटच्या दोन ओळी काढल्या. त्यांच्या जागी हे:

८. मान्यतेस्तव सादर.

९. टिपणी सादर करणाऱ्या लिपिकाचे मधले नाव
व अर्जदाराचे पहिले नाव
एकच असल्याचे दिसून येते.
हा योगायोग समजण्यात यावा.

---

शब्दवेडी | मंगळवार, रात्री ११.२०

हट्ट सोडला.

---

अनुस्वार | मंगळवार, रात्री ११.४०

"समजण्यात यावा." ताई, ज्या क्रियापदाची मी तक्रार करत होतो तेच तुम्ही माझ्यापुढे ठेवलंत, आणि आता त्यातला एक शब्दही मला बदलावासा वाटत नाही. वर्गात ऑडनच्या शेजारी ही कविता वाचून दाखवू का? तुमच्या या नावानेच वाचेन.

---

दुसरी पाळी | बुधवार, सकाळी ६.५०

मुली, पगाराची चिठ्ठी शोध. बोनसची पावती शोध. आमच्याकडे त्यावर तिकीट नंबर असायचा. आम्ही गणपतीला, शिमग्याला गावी जाताना पैसे आणि कागद बरोबर न्यायचो, खोलीत ठेवायला जागा कुठे होती? माझ्या सगळ्या पावत्या गावच्या घरात सापडल्या. तुझ्या बाबांचं गाव कुठलं?

---

आवकजावक | बुधवार, रात्री ९.३०

अनुस्वार, जरूर वाचा.

काका, गाव कुडाळजवळ. पावत्यांचं कधी मनातच आलं नव्हतं. आज घरी आल्यावर बाबांना आधी कविता वाचून दाखवली. पूर्ण ऐकली. बोटाचं कलम आलं तेव्हा त्यांनी हात मांडीखाली घेतला. संपल्यावर म्हणाले, "दुसरा परत वाच." वाचलं. तीन आहे किंवा आठ आहे. मान हलवली आणि म्हणाले, "आठच आसा."

मग पावत्यांचं विचारलं. बराच वेळ गप्प बसले. संपाच्या आधीच्या गणपतीला गेले होते तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत काहीतरी ठेवल्याचं आठवतं म्हणाले. काकूला फोन लावला. ट्रंक माळ्यावर आहे, किल्ली हरवली आहे. उद्या सकाळी वाडीतल्या कुणालातरी बोलावून कुलूप तोडून घेते म्हणाली.